केसभर जास्तीचं लोखंड

टेकडीखालच्या पडीक जमिनीवर विद्यापीठाने रोबोटचं सेंटर बांधलं त्याला तिसरं वर्ष लागलं होतं. या तीन वर्षांत खालच्या रस्त्याने असं बाळसं धरलं की परगावी गेलेला माणूस परत आला असता तर स्वतःच्याच घराचा पत्ता विचारत फिरला असता. चहावाल्याने आधी एक बाकडं वाढवलं, मग मधली भिंत पाडली, आता त्याच्याकडे पंख्याखाली बसून चहा मिळायचा. शिंपी यंत्रांना धुळीपासून झाकायच्या खोळी शिवायचा आणि 'माझी गिऱ्हाइकं मापाला उभी राहिली की हलत नाहीत,' असं येईल त्याला ऐकवायचा. सुताराकडे पेट्यांचं काम संपता संपत नव्हतं. ज्यांच्याकडे एक खोली जास्तीची होती त्यांच्याकडे शिकणारी मुलं भाड्याने राहत होती. ज्यांच्याकडे नव्हती, ते गोठ्यावर खोली चढवत होते.

एवढ्या गजबजाटात एकच दार अर्धं ओढलेलं असायचं. ते लोखंड कातणाऱ्या लेथवाल्या मिस्त्रीचं.

एकेकाळी उन्हाळा लागला की त्या दारासमोर पंपांची रांग लागायची. विहिरी खोल गेल्या, पंप गाळ ओढून थकले, की शेतकरी ते गाडीत घालून मिस्त्रीकडे आणत. कुणाचा आतला दांडा, म्हणजे शाफ्ट, झिजलेला, कुणाचं त्याभोवतीचं बुश गेलेलं. मिस्त्री पंप उघडायचा, आत बोट फिरवायचा आणि डोळे मिटून सांगायचा, काय गेलंय ते. आता बंद डब्याचे पंप आले होते. ते उघडत नाहीत. बिघडले की फेकायचे आणि नवे आणायचे. दोन उन्हाळे झाले, लेथवर जुनी चादर पडली होती आणि त्या चादरीवर मांजर झोपत होतं. मिस्त्री रोज सकाळी मांजर उठवायचा, चादर काढायचा, लेथला तेल द्यायचा, चादर परत घालायचा. मांजर परत झोपायचं.

घर चालत होतं मिस्त्रिणीच्या खुरपणीवर. साठीला आलेली बाई, पण वाफ्यात बसली की शेजारचीच्या चार हात पुढे असायची. फक्त उठताना दोन्ही गुडघ्यांवर हात रोवून, "चल गं म्हातारे," असं स्वतःलाच म्हणत उठायला लागायचं. बोटांचे सांधे सुजलेले. सकाळी मूठ वळत नसे, म्हणून ती आधी गरम पाण्यात हात धरून बसायची आणि मगच कामाला निघायची.

मुलगा शहरात सामानाची गाडी चालवत होता. पोरगा चांगला होता, आईबापांना सोडून दिलेलं नव्हतं त्याने, उलट दोघांनी आपल्याकडे येऊन राहावं म्हणून मागे लागला होता. त्याचाच फोन आला. "बाबांना सांग, भंगारवाल्याशी बोललोय. पुढच्या गुरुवारी सकाळी येईल गाडी घेऊन. लेथ उचलू दे, दुकान भाड्याने देऊ. आता त्या रस्त्याला दुकानाला केवढी मागणी आहे!"

मिस्त्रिणीने ते मिस्त्रीला सांगितलं. तो जेवत होता. त्याने घास गिळला, पाणी प्यायला आणि म्हणाला, "बरं."

तेवढंच. ती मात्र हादरली. तीस वर्षांत हा माणूस कुठल्याच गोष्टीला पहिल्या फटक्यात बरं म्हणाला नव्हता. मिठाला सुद्धा.

*

शुक्रवारी सकाळी मिस्त्रीण गरम पाण्यात हात घालून बसली होती तेव्हा दारात एक मुलगी उभी राहिली. जाड चष्मा, पाठीला पिशवी, बुटांना शेतातली माती. मागे चहावाला होता, सोयरीक जमवायला आल्यासारखा हसत.

"हे आमचे मिस्त्री," चहावाला म्हणाला. "मॅडम सेंटरच्या. सकाळपासून चहा थंड करत बसल्या होत्या, म्हटलं काय झालं? म्हणाल्या, पिना पाहिजेत. म्हटलं, पिनांसाठी एवढं तोंड पाडायचं? आमच्या रस्त्यावर माणूस आहे."

मॅडमने पिशवीतून कागद काढला आणि तीन वाक्यांत अडचण सांगितली. त्यांनी शेतात तण काढणारं यंत्र बनवलं होतं. एका यंत्राला चार हात, एका हाताला पाच सांधे, यंत्रं दोन. प्रत्येक सांध्यात एक पिन. ज्या कारखान्यातून पिना यायच्या, त्यांनी आता तीन आठवडे सांगितले होते आणि तीन आठवड्यांनी तण बिया टाकून मोकळं झालं असतं. गुरुवारी सकाळी शेतावर चाचणी होती. त्यासाठी बाहेरून माणसं येणार होती.

"चाळीस पिना. मंगळवारपर्यंत होतील का, काका?"

मिस्त्रीने कागद हातात घेतला, लांब धरला, जवळ धरला. "माप दिसतंय. लोखंड?"

"आणलंय." तिने पिशवीतून चकचकीत सळ्या काढल्या आणि एक लहानसं पितळी बुशही दिलं. "पिन यात बसते. जमलं तर पुढे बरंच काम आहे. दर महिन्याला काही ना काही लागतंच आम्हाला, आणि प्रत्येक वेळी शहराकडे तोंड करून बसावं लागतं."

मिस्त्रिणीने नवऱ्याकडे बघितलं. तो सळईवरून अंगठा फिरवत होता, जसा तो पूर्वी फिरवायचा. त्याने पाय लांब करून मांजराला ढकललं आणि चादर ओढून काढली.

"सोमवारी देतो," तो म्हणाला.

ती खुरपायला गेली, पण त्या दिवशी तिचं लक्ष वाफ्यात नव्हतं. संध्याकाळी परत येताना वळणावरूनच तिला आवाज आला. लेथ चालू होता. आधी घरघर, मग टूल लोखंडाला भिडलं की बारीक, लांबलचक सूर. शिंपी दारात उभा राहून ऐकत होता. "वहिनी, उठला की तुमचा थोरला!" लेथकडे बोट करत तो म्हणाला. तिला हसू आलं आणि का कोण जाणे, डोळ्यांत पाणीही आलं. तिने डोक्याच्या फडक्याने घाम पुसल्यासारखं केलं.

आत मिस्त्रीच्या पायाशी लोखंडाचा किस पडला होता, निळसर, गुंडाळलेला. तो वाकून काम करत होता. कपाळावर घाम, भुवईत किसाचा एक कण. तिने तो चिमटीने काढला तरी त्याला कळलं नाही. मग त्याने लेथ थांबवला, पिन पुसली, पितळी बुशाच्या तोंडाशी धरली आणि लाकडी हातोडीने वरून एक हलकी टिचकी मारली. पिन आत गेली.

"बघ," तो म्हणाला. "कशी गोड बसली."

हीच मिस्त्रीची रीत होती आणि या रीतीवर त्याचं नाव उभं होतं. तो कुठलाही शाफ्ट, कुठलीही पिन मापापेक्षा केसभर जाड ठेवायचा. पंपाचा धनी पहिल्या दिवशी तक्रार करायचा, मिस्त्री, जड फिरतोय. मिस्त्री म्हणायचा, फिरू दे, लोखंडात जीव ठेवलाय, पहिल्या हंगामात घासून जागा करेल आणि मग दहा वर्षं हलणार नाही. तसंच व्हायचं. जी पिन हातोडीशिवाय आत जाते ती पिनच नव्हे, असं त्याचं मत होतं. अशी पिन देणाऱ्याला तो कारागीर मानत नसे.

त्याने चाळीसच्या चाळीस पिनांत जीव ठेवला.

*

सोमवारी तो धुतलेला शर्ट घालून पिना देऊन आला. मंगळवारी सकाळी त्याला बोलावणं आलं, आणि तो काहीतरी चांगलं ऐकायला मिळणार म्हणून गेला. तासाभराने आला तो डबा काखेत मारून. डबा लेथवर ठेवला, मांजराला उचलून मांडीवर घेतलं आणि भिंतीकडे तोंड करून बसला.

मिस्त्रीण नेमकी घरीच होती. "काय झालं?"

"माल परत."

"सगळा?"

"सगळा. मापात नाही म्हणे." त्याच्या मानेची शीर उडत होती. "ती पोरगी वाईट बोलली असती तर बरं झालं असतं. बसायला खुर्ची दिली, पाणी दिलं. एकेक पिन मोजायच्या यंत्रात घालायची आणि मला आकडा दाखवायची. एकेक करून चाळीस. म्हणाली, काका, सगळ्यांत सारखाच फरक आहे, म्हणजे तुमचा हात किती पक्का आहे बघा! भोवती तिची पोरं उभी. माझं कौतुक करत होती का अब्रू घेत होती, तेच कळेना."

"मग केसभर काढून टाका की."

तो एकदम उसळला. "का काढू? हातोडीशिवाय जाणारी पिन देऊ? उद्या ढिली झाली तर नाव कुणाचं जाईल? तीस वर्षांत माझा माल कुणी परत केला नाही. येऊ दे गुरुवारी भंगारवाला. लेथच नको आणि सेंटरही नको."

त्या दिवशी मिस्त्री जेवला नाही. मिस्त्रिणीने ताट झाकून ठेवलं, पायात चपला अडकवल्या, डबा उचलला आणि निघाली. सेंटरचा चढ तिच्या गुडघ्यांना नको होता. मध्ये दोनदा दगडावर बसली. फाटकावरच्या वॉचमनने तिला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं.

"झाडलोटीच्या बायकांना मागचं फाटक."

"मी झाडायला नाही आले. चष्मेवाल्या मॅडमकडे काम आहे. पिनांचं."

"पिनांचं?" वॉचमन हसला, पण डब्यातला माल बघून त्याने आत फोन लावला. मग आतलं काचेचं दार. तिने ढकलायला हात पुढे केला तर दार आपोआप बाजूला झालं, आणि ती तशीच हात पुढे करून आत पडता पडता राहिली. दोन मुलांनी बघून न बघितल्यासारखं केलं. तिला वाटलं, आपल्या नवऱ्यालाही हे दार असंच लागलं असेल आणि तो कुणाला बोलला नसेल.

पण आतलं बघून ती राग विसरली. केवढी मोठी खोली, आणि किती स्वच्छ! मधोमध मातीचा वाफा केलेला होता, खरा, ओल्या मातीचा, त्यात रोपं आणि रोपांत तण. त्यावर चार चाकांचं एक यंत्र उभं होतं. त्याचे हात खाली लोंबत होते आणि हाताच्या टोकाला होतं ते चक्क खुरपं. लहान, पण खुरपंच. भोवती बसलेली मुलं तिच्या मुलापेक्षाही लहान, कुणाच्या कपाळाला माती, कुणाच्या गुडघ्याला. एक मुलगी वाफ्याशी उकिडवी बसून यंत्राच्या हाताकडे बघत होती, इतकी एकटक की तोंडाशी आलेला डास तिने हाकलला नाही. कामात असं बुडालेलं माणूस मिस्त्रिणीने आयुष्यात एकच पाहिलं होतं, आणि ते घरी भिंतीकडे तोंड करून बसलं होतं.

मॅडम धावत आली. "मावशी! काका रागावलेत ना? मला वाटलंच. बसा."

"बसले की उठवत नाही. उभ्याने सांगा. केसभराने तुमचं काय बिघडतं? आमचा माल घासून बसतो. सगळं गाव साक्षीला आहे."

मॅडमने यंत्राच्या एका हाताच्या सांध्यातली झिजलेली पिन काढली आणि तिच्या जागी डब्यातली एक हातोडीने बसवली. "बघा आता."

यंत्राने तो हात खाली नेला, खुरप्याचं टोक मातीत घातलं आणि लगेच वर उचललं. पुढच्या तणापाशी गेलं, टोचलं, परत वर. सगळ्या ओळीतून ते असंच गेलं, सोवळ्यातल्या माणसासारखं, कशालाच हात न लावता. एकही तण निघालं नाही.

"घाबरतंय," मिस्त्रीण म्हणाली.

"अगदी बरोबर. याला डोळ्याने तण दिसतं, पण मातीत काय आहे ते दिसत नाही. हाताला किती जोर लागतोय त्यावरून ते ओळखतं. मूळ असेल तर थोडा जोर लागतो, दगड असेल तर खूप. दगड लागला की हात उचलायचा, नाहीतर खुरपं मोडतं. पिन घट्ट असली की सांधाच जड होतो, आणि याला वाटतं..."

"की सगळ्या शेतात दगडच आहेत."

"हो."

मिस्त्रिणीने स्वतःचा उजवा हात वर करून बघितला. सुजलेली पेरं, मातीने काळ्या झालेल्या रेघा. "माझं रोज सकाळी हेच होतं, बाई," ती म्हणाली. "सांधे आखडलेले असतात तेव्हा मला सगळंच दगड लागतं. दुपारी बोटं सैल पडली की मूळ कुठलं, खडा कुठला, न बघता कळतं."

उकिडवी बसलेली मुलगी उठून जवळ आली. मॅडमने चष्मा काढून पुसला. "मावशी, हे आम्हाला समजायला दीड वर्ष लागलं," ती म्हणाली.

निघताना मिस्त्रीण दारात थबकली. दार उघडून तिची वाट बघत राहिलं. "एक विचारू? हे यंत्र खुरपायला लागलं की आमच्या बायकांनी काय करायचं?"

मॅडम दारापर्यंत आली. "मला नक्की माहीत नाही," ती म्हणाली. "जिथे खुरपायला माणूस मिळत नाही तिथे आधी जाईल हे. पुढे इथेही येईल. याला चालवायला, याच्या चुका दाखवायला माणसं लागतील, पण तितकीच लागतील असं मी सांगणार नाही."

"खोटं बोलला नाहीत हे बरं केलंत," मिस्त्रीण म्हणाली. "माझ्यापुरतं म्हणाल, तर खुशाल घेऊ दे त्याला खुरपं. गुडघे तर त्या खुरप्याने आधीच घेतलेत." मॅडमने तिच्या हातात पिन मोजायचं एक लहान यंत्र ठेवलं, आणि तिने ते फडक्यात बांधून घेतलं.

*

बुधवारी पहाटे उठून तिने पाणी गरम केलं नाही. मिस्त्री दात घासून आला तेव्हा ती त्याच्यासमोर जाऊन बसली आणि उजवा हात पुढे केला.

"अहो, धरा."

"काय?"

"बोटं धरा आणि वळवून बघा."

तो कुरकुरत बसला. त्याने तिचं मधलं बोट धरलं आणि हळूच दुमडू लागला. ते दुमडेना. तिने ओठ दाबून धरले. त्याने बोट सोडून दुसरं धरलं. तीस वर्षं तिचं कामावर जाणं बघणाऱ्या त्या माणसाने हा हात असा हातात घेऊन बघितलाच नव्हता. बुश झिजलेला पंप तो डोळे मिटून ओळखायचा.

"एवढं?" तो म्हणाला. "मला बोलली नाहीस कधी."

"तुमच्याकडे पंप घेऊन लोक यायचे, हात घेऊन कोण येणार? आता ऐका. या बोटाने सकाळी मला मातीतलं काही कळत नाही. त्या यंत्राचंही तेच झालंय. तुम्ही पिन केलीत पंपाची. पंप गाळ ढवळतो, त्याला घासायला हंगाम मिळतो. हा हाताचा सांधा आहे. याला पहिल्याच दिवशी कळलं पाहिजे, मूळ कुठलं आणि दगड कुठला. तुम्ही त्यात जीव ठेवलात आणि त्याचा हात आखडला."

मिस्त्री तिचं बोट धरूनच बसला होता. बाहेर चहावाल्याची पहिली किटली ठेवल्याचा आवाज आला.

"हाताचा सांधा आहे, हे त्या पोरीने मला का नाही सांगितलं?"

"कागदावर होतं की. तुम्ही माप बघितलंत आणि बाकीचं सोडून दिलंत."

हे खरं होतं, म्हणून तो चिडला नाही. उठला, मांजराला हातानेच उचलून खाली ठेवलं आणि लेथ सुरू केला. केसभर जाड पिन बारीक करता येते, हे एक बरं होतं. त्याची रीत चुकली होती, लोखंड वाया गेलेलं नव्हतं. एकेक पिन लेथच्या फिरत्या जबड्यात, चकात, धरायची, फिरवायची, बारीक पॉलिश कागद दाबायचा, थांबवायची, मोजायची. पहिल्या पाच पिनांना अर्धी सकाळ गेली. मोजायच्या यंत्रातला आकडा त्याला दिसेना. तिने वाचून दाखवायला सुरुवात केली, पण तिलाही तिसरा आकडा धूसर दिसायचा, आणि मग दोघं आकड्यावरून भांडायची.

दुपारी तिची बोटं सैल पडली. ती कामाला गेलीच नव्हती. तिने एक पिन पितळी बुशात घातली आणि चिमटीत धरून फिरवली.

"ही अजून अडतेय."

"कुठे?"

"इथे. पाव वळण झालं की."

त्याने मोजलं. खरंच, एका बाजूला जास्त होतं. त्याने बायकोकडे बघितलं, पिन परत चकात धरली आणि दोनदा कागद फिरवला. मग दिवस मावळेपर्यंत हेच चाललं. तो करायचा, ती फिरवून बघायची, आणि तिने मान हलवली की मगच आकडा बघायचा. आकड्याने तिला खोटं पाडलं नाही. चाळिसावी पिन तिने बुशाच्या तोंडाशी धरून नुसती सोडली. पिन स्वतःच्या वजनाने, सावकाश, आत उतरली. हातोडी शेजारी पडून होती.

मिस्त्रीने तोंड फिरवलं. "लाज वाटते बघायला," तो म्हणाला, पण हसत होता.

*

गुरुवारी सकाळी सेंटरच्या शेतावर हीऽ गर्दी. बाहेरून आलेली मोठी माणसं सावलीत खुर्च्यांवर, शिकणारी मुलं बांधावर, आणि अख्खा खालचा रस्ता दुकानं अर्धी ओढून आलेला. शिंपी आपल्या खोळीची घडी काखेत घेऊन मिरवत होता. मिस्त्रिणीबरोबर खुरपणाऱ्या बायका एका बाजूला गप्प उभ्या होत्या. त्यांच्यातलीच एक तिच्या कानाशी पुटपुटली, "चाललं तरी आपली पंचाईत, नाही चाललं तरी तुझी."

मिस्त्री सगळ्यांच्या मागे उभा होता, हात पाठीशी बांधून.

त्यात मुलगा आला. भंगारवाल्याला घेऊनच आला. दुकानाला कडी बघून दोघं विचारत विचारत इथवर पोचले होते. "आई, गाडी दारात उभी आहे," तो म्हणाला. "हमाल खोळंबलेत."

"उभी राहू दे. तूही उभा राहा."

यंत्र सरीत उतरलं. मॅडमने हातातल्या काचेच्या पाटीवर बोट टेकवलं आणि ते चालू लागलं. चारही हात खाली गेले. खुरप्याची टोकं मातीत शिरली, एक हलका झटका, आणि चार तणं मुळांसकट वर. पुढे. परत चार. रोपाच्या अगदी बुंध्याशी आलेलं तण होतं, तिथे तो हात थबकला, तिरका झाला, रोपाला धक्का न लावता तण काढून मोकळा झाला. मिस्त्रिणीच्या तोंडून आपोआप निघालं, "वा गं बाई!" हे तिने स्वतः शिकायला लग्नानंतरची दोन वर्षं घातली होती. शेजारची बाई पंचाईत विसरून तोंडात बोट घालून बघत होती. पहिली सरी झाली. दुसरी झाली. मागे स्वच्छ माती आणि उताणी पडलेली तणं.

तिसऱ्या सरीच्या मध्यावर यंत्राचा एक हात खाली गेला आणि लगेच वर आला.

परत खाली गेला. परत वर. यंत्र थांबलं.

बांधावरची कुजबुज बंद झाली. समोर चांगलं वीतभर तण उभं होतं आणि हात त्याला शिवत नव्हता. खुर्चीवरच्या एकाने मॅडमला काहीतरी विचारलं. मॅडमने पाटीकडे बघितलं, मग नकळत मागे वळून मिस्त्रीकडे बघितलं. तिच्या पाठोपाठ मुलांनी बघितलं, रस्त्याने बघितलं, भंगारवाल्याने बघितलं. मिस्त्रीने पाठीमागचे हात सोडले, ते कुठे ठेवावेत हे त्याला कळेना. मुलगा हळूच म्हणाला, "चला बाबा, घरी जाऊ."

मिस्त्रीण कुणाला न विचारता सरीत शिरली. "मावशी, थांबा," कुणीतरी म्हणालं. ती यंत्राशेजारी गेली, दोन्ही गुडघे एकामागून एक टेकवले. कळ मस्तकात गेली. सकाळची वेळ होती, बोटं आखडलेली होती, त्यांच्यावर भरवसा नव्हता. म्हणून तिने दोन्ही हात त्या तणाच्या बुडाशी मनगटापर्यंत खुपसले आणि माती उपसायला लागली. सगळे बघत होते. एक ओंजळ, दोन ओंजळी, तीन.

मग ती थांबली. तिने हात बाहेर काढला आणि उंच धरला.

"दगड आहे!" ती ओरडली. "अहो, खरंच दगड आहे!"

लिंबाएवढा काळा दगड होता, त्याला तणाची मुळं गुंडाळलेली. आधी ती एकटक बघणारी मुलगी किंचाळली, मग सगळी मुलं नाचायला लागली, खुर्चीवरची माणसं उठून उभी राहिली. मॅडम सरीतून चिखल उडवत पळत आली आणि मिस्त्रिणीशेजारी गुडघ्यांवर बसली, चष्मा वाकडा, डोळे भरलेले. "याला कळलं, मावशी, याला कळलं," एवढंच ती म्हणत होती. मिस्त्रिणीने बांधाकडे बघितलं. मिस्त्री तिथेच उभा होता. तीस वर्षांत त्याला तिने कुणासमोर रडताना पाहिलं नव्हतं, आज तो डोळेही पुसत नव्हता.

गर्दी पांगली तेव्हा भंगारवाला घसा खाकरत पुढे आला. तोही बिचारा पोटासाठी आला होता. "मग, मिस्त्री? लेथचं कसं करायचं?"

मिस्त्रिणीनेच भंगारवाल्याच्या तळहातावर तो दगड ठेवला. "एवढंच निघालंय आमच्याकडे टाकायला," ती म्हणाली. "चहा पिऊन जा मात्र. तुमचे हमाल उन्हात उभे आहेत."

मुलगा आधी गोंधळला, मग हसायला लागला. त्याने शहरात परतताना सेंटरच्या चार पेट्या आपल्या गाडीतून नेल्या, आणि पुढल्या आठवड्यात पेट्यांसाठी परत आला.

आता मिस्त्रीचं दार पूर्ण उघडं असतं. मांजर खिडकीत झोपतं. मिस्त्रीण सकाळी सेंटरमध्ये मातीच्या वाफ्याशेजारी बसते आणि यंत्राचा हात कुठे चुकतो ते सांगते. 'खुर्ची असेल तर येईन,' असं तिने आधीच ठरवून घेतलं होतं. तिच्याबरोबरची एक बाई तिथे लागली आहे, बाकीच्या अजून वाफ्यात आहेत, आणि त्यांचं काय करायचं हे मिस्त्रीण मॅडमला दर आठवड्याला विचारते. मॅडम दर आठवड्याला ऐकून घेते.

दुपारी ती घरी येते. मिस्त्रीने सकाळपासून केलेला माल एका फडक्यावर ओळीने मांडून ठेवलेला असतो. मोजायचं यंत्र शेजारी असतं, ते त्याला आता चांगलं वापरता येतं, चष्माही केलाय. तरी तो माल डब्यात भरत नाही. तिने हातपाय धुवून, पाणी पिऊन, बोटं दोन-तीनदा मिटून उघडली की तो एकेक पिन बुशात घालून तिच्या चिमटीत देतो आणि तोंडाकडे बघत बसतो.

"दगड लागतोय का?"

ती फिरवते. डोळे मिटते.

"नाही."

"मग टाक डब्यात," तो म्हणतो आणि पुढची पिन उचलतो.